वसंतात मधपेटी दाटली तर थवा सुटण्याआधी काय करावे

फुलोरा बहरला की मेलिफेरा (युरोपीय मधमाशी) जातीची जोमदार राणीमाशी दिवसाला 1500 च्या आसपास अंडी घालते आणि 21 दिवसांनी तितक्याच नव्या कामकरी माशा रोज बाहेर पडू लागतात. पेटी दाटते. अशा वेळी वर एक मधकोठी (मध साठवायचा मजला) चढवली की काम झाले असे अनेकांना वाटते, पण खरी अडचण खाली पिलाव्यात, म्हणजे अंडी-अळ्या वाढतात त्या पोळ्यांत, असते. तिथली घरे रिकामी होताच माशा त्यांत मकरंद भरतात, राणीला अंडी घालायला जागा उरत नाही आणि वसाहत फुटण्याची, म्हणजे जुन्या राणीसह माशांचा थवा निघून जाण्याची, तयारी करते.

आधी पाहणी

तापमान 15 अंशांच्या वर असेल आणि वारा पडलेला असेल, तेव्हाच पेटी उघडा. थोडा धूर द्या. कडेची एक फ्रेम (पोळ्याची चौकट) आधी बाहेर काढून ठेवा, म्हणजे बाकीच्या सरकवताना राणी चिरडणार नाही. दहा फ्रेमच्या पेटीत सात-आठ फ्रेमवर माशा दाट बसल्या असतील, तर जागा आजच द्या.

मग पोळ्यांच्या खालच्या कडा नीट तपासा. तिथल्या रिकाम्या मेणाच्या वाट्या नेहमीच्याच असतात. वाटीत अंडे, किंवा पांढऱ्या रॉयल जेलीत अळी दिसली, तर ते राणीघर, म्हणजे नवी राणी वाढवण्याचे घर, आहे. अंडे घातल्यापासून साधारण आठव्या-नवव्या दिवशी राणीघर बंद होते आणि जुनी राणी बहुधा त्याच सुमारास थवा घेऊन निघते. म्हणून या काळात पाहणी दर 7 दिवसांनी हवी. दहाव्या दिवशी उघडलेली पेटी अर्धी रिकामी सापडू शकते.

राणीघरे नसतील तर

कडेच्या मधाने भरलेल्या दोन फ्रेम वर चढवा आणि त्या जागी, पिलाव्याला लागून, बांधलेली रिकामी पोळी द्या. नुसता मेणपत्रा (ज्यावर माशा पोळे बांधतात तो मेणाचा पातळ पत्रा) द्यायचा तर मकरंद भरपूर येत असावा, नाहीतर माशा त्याला हात लावत नाहीत. रात्री गार असताना पिलाव्याच्या मधोमध रिकामी फ्रेम घालू नका. पिलाव्याला सुमारे 35 अंशांची ऊब लागते. तो दुभंगला की अळ्या गारठून मरतात.

राणीघरे असतील तर

नुसती राणीघरे मोडून भागत नाही. माशांच्या गर्दीखाली एखादे राहून जाते, आणि दाटी तशीच असल्याने माशा नवी बांधतात. शिवाय थवा आधीच गेला असेल, तर सगळी मोडून तुम्ही वसाहत पोरकी कराल. म्हणून आधी अंडी शोधा. अंडी आहेत म्हणजे गेल्या 3 दिवसांत राणी पेटीत होती. अंडी नसतील आणि राणीघरे बंद असतील, तर एक चांगले ठेवून बाकीची काढा आणि पेटी बंद करा.

राणी असेल तर अमेरिकी मधपाळ जॉर्ज डेमारी यांची जुनी पद्धत आजही उत्तम. वसाहत न फोडता दाटी कमी होते.

1. जुन्या जागी रिकामी पिलावा कोठी ठेवा. त्यात राणी असलेली पिलाव्याची एक फ्रेम घाला. तिच्यावर एकही राणीघर नको. बाकी जागा बांधलेल्या रिकाम्या पोळ्यांनी भरा.
2. त्यावर राणीरोधक जाळी (जिच्यातून कामकरी माशा जातात, राणी जात नाही), मग एक-दोन मधकोठ्या आणि सर्वांत वर उरलेला पिलावा. वरच्या प्रत्येक फ्रेमवरच्या माशा खालच्या कोठीत झटकून राणीघरे काढा. राणी सापडलीच नसेल, तरी सगळ्या माशा अशा झटकल्याने ती जाळीखालीच राहते.
3. सातव्या दिवशी वरचा पिलावा पुन्हा तपासा. राणीपासून लांब पडल्यामुळे माशा तिथे नवी राणीघरे बांधतात. ती या वेळी काढली की पुरते, कारण राणी घडवण्याजोगी कोवळी अळी वर उरलेली नसते.

पिलावा सांभाळणाऱ्या माशा वर जातात, मकरंद आणणाऱ्या खाली राहतात, आणि राणीला अंडी घालायला मोकळी पोळी मिळतात. वरच्या नर माशा मात्र जाळीतून जाऊ शकत नाहीत; झाकणाखाली बोटभर फट ठेवा, नाहीतर त्या जाळीत अडकून मरतात आणि वाट तुंबते. कामकरी पिलावा 21 दिवसांत आणि नर पिलावा 24 दिवसांत बाहेर पडतो. त्यानंतर वरची पोळी मधासाठीच वापरा.