खाऱ्या वाऱ्यात पांढरं पडलेलं गाडीचं ॲल्युमिनियम असं चकाकवा

लोखंडासारखा तांबडा गंज ॲल्युमिनियमला चढत नाही. हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा पातळ पापुद्रा धरतो आणि तोच आतल्या धातूला सांभाळतो. पण गोव्यातल्या मोरजी-हरमलच्या किनारपट्टीत मोटरसायकल उभी असेल तर हवेतलं मीठ हा पापुद्रा जागोजागी फोडतं. तिथून पांढरी पूड सुटते, मग बारीक खड्डे पडतात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसला तरी हे काम आतल्या आत चालूच राहतं. म्हणून गोव्यात नुसतं पॉलिश घासून भागत नाही. गोडं पाणी तितकंच लागतं.

हात लावण्याआधी धातू ओळखा. चुंबक चिकटला तर ते ॲल्युमिनियम नाही. क्रोमच्या सायलेन्सरवर किंवा मडगार्डवर वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर) फिरवलात तर क्रोमचा मुलामा कायमचा गेला. सोनेरी, निळे, लाल असे रंगीत लिव्हर किंवा फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) ॲनोडाइज केलेले, म्हणजे विजेच्या प्रक्रियेनं ऑक्साइडचा रंगीत थर चढवलेले असतात, तेही सोडून द्या. उरलेल्या भागांवर, म्हणजे क्लच कव्हर, फोर्कचे खालचे पाय, हब (चाकाचा मधला भाग) यांवर, लॅकर, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर, आहे का ते पाहायचं. एखाद्या लपलेल्या कोपऱ्यात थोडं मेटल पॉलिश घासा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे. स्वच्छच राहिलं तर वर लॅकर आहे.

आता धुणं. इंजिन पूर्ण थंड हवं. शाम्पूचं पाणी आणि नायलॉनचा ब्रश घेऊन स्क्रूभोवतीच्या सांदीपर्यंत पोचा. हा टप्पा टाळू नका: ती पांढरी पूड खरखरीत असते. न धुता घासलं तर तिचेच ओरखडे उठतात. खाणपट्ट्यातल्या लाल धुळीचंही तेच.

लॅकर असेल तर पेंट रिमूव्हर लावून उतरवा. टाकी, रबर आणि ऑइल सील टेप लावून झाका, हातमोजे घाला आणि काम उघड्यावर करा. फुगलेलं लॅकर प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढा, मग पुन्हा धुवा.

खरी मेहनत वॉटर पेपरची, आणि निकालही इथेच ठरतो. खड्डे असतील तरच 400 नंबरपासून सुरुवात करा, नुसता मळकट थर असेल तर 800 पासून. पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून घ्या. 800 आडवा फिरवला तर 1000 उभा फिरवा. आडव्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढच्या नंबरला हात लावू नका. मग 1500 आणि 2000. गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली सगळं गुळगुळीतच दिसतं. गाडी उन्हात काढून तिरकं बघा, चुकार रेघ लगेच डोळ्यात येते. नंबर बदलताना पाणीही बदला, नाहीतर आधीच्या पेपरचा एखादा जाड कण सगळं काम बिघडवतो. एवढं करूनही काही काळे ठिपके राहतील. ते खोल गेलेले खड्डे. त्यांच्या मागे लागून कव्हर पातळ करण्यात अर्थ नाही.

पॉलिश जुन्या सुती बनियनच्या तुकड्यावर थोडंच घ्या आणि छोट्या गोलाईत घासा. काळा चिखल होतो, तो झालाच पाहिजे. सुकण्याआधी कोऱ्या कापडानं पुसा. ड्रिलला बफिंगचं चाक लावणार असाल तर जोर हलका ठेवा, चष्मा आणि मास्क लावा. लोखंड घासायच्या ग्राइंडरवर मात्र ॲल्युमिनियम धरू नका. त्याच्या बारीक धुळीवर ठिणगी पडली तर आग लागू शकते.

कॉस्टिक सोडा, मोरी मोकळी करायची पावडर यांच्या वाटेला जाऊ नका. ती ॲल्युमिनियम अक्षरशः खातात. तारेच्या घासणीचे कण धातूत रुतून पुढे गंजतात. पितळेच्या समईला चिंच किंवा बिंबली चालते म्हणून इथेही लावणारे आहेत. डाग कमी होतो, पण चकाकी येत नाही, आणि सांदीत राहिलेलं आंबट आपलं काम करतच राहतं.

चकाकी टिकवायला लॅकर मारावं का? किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना मी नको म्हणेन. खडा लागून किंवा स्क्रूच्या कडेला लॅकर फुटलं की ओलावा आत शिरतो आणि खालून अळीनं कुरतडल्यासारख्या पांढुरक्या रेघा पसरत जातात. मग सगळं उतरवूनच नव्यानं करावं लागतं. उघडा धातू मळला तर थोड्या पॉलिशनं भागतं. फोर्क आणि हबवर वॅक्सचा थर द्या. इंजिन कव्हरवर तो उष्णतेनं फार टिकत नाही. तिथे फडकंच बरं. पिवळ्या मडगार्डचे पायलट, म्हणजे गोव्यातले मोटरसायकल टॅक्सीवाले, भाड्याची वाट बघताना गाडी पुसत बसतात, तीच सवय उपयोगी.

समुद्राकडून आलात किंवा रायबंदर-चोडण फेरीबोटीवर खारे तुषार उडाले, तर त्याच संध्याकाळी, इंजिन निवल्यावर, गोड्या पाण्यानं गाडी धुवा आणि कोरडी करा. पावसाळ्यात गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नका, आत ओलावा कोंडतो; छपराखाली हवेशीर ठेवून वर सुती चादर टाका. स्क्रू पुन्हा बसवताना आट्यांना किंचित ग्रीस लावा, कारण स्टील आणि ॲल्युमिनियम जिथे भिडतात तिथे ओल्या मिठाचा मारा जास्त होतो. गंजरोधक स्प्रे मारलात तर कापडावर मारून पुसा. ब्रेक डिस्कवर किंवा टायरवर त्याचा थेंबही जाता कामा नये, पॉलिशचाही नाही.