गर्भाच्या मेंदूतील व्हेंट्रिकल मोजताना: १० मिमीचा घोळ

अ‍ॅनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाच्या अवयवांतले दोष शोधणारी सोनोग्राफी, १८ ते २२ आठवड्यांत होतो. लॅटरल व्हेंट्रिकलची (मेंदूच्या प्रत्येक अर्ध्यातल्या पाण्याने भरलेल्या पोकळीची) रुंदी १० मिमीच्या आत असेल तर नॉर्मल, १० किंवा जास्त असेल तर व्हेंट्रिक्युलोमेगाली, म्हणजे पोकळी रुंदावलेली. कॅलिपर (पडद्यावरची मापाची खूण) मिलिमीटरभर चुकला तरी रिपोर्ट बदलतो आणि घरच्यांची झोप उडते. म्हणून आधी छेद तपासा, मग आकडा लिहा.

डोक्याचा आडवा छेद घ्या. मिडलाइन (मेंदूचे दोन अर्धे वेगळे करणारी रेघ) मधोमध हवी, दोन्ही अर्धे सारखे दिसायला हवेत आणि पुढच्या बाजूला कॅव्हम सेप्टी पेल्युसिडाय (मधोमध असलेली पाण्याची छोटी पोकळी) हवा. दोन समांतर रेघा आणि मध्ये पाणी म्हणजे कॅव्हम. तीन रेघा दिसल्या तर ते फॉर्निक्सचे (कॅव्हमच्या खालच्या मज्जातंतूंच्या जुडग्याचे) खांब. प्रोब जरा वर, टाळूकडे न्या. नवखे इथेच फसतात आणि नसलेला कॅव्हम 'आहे' असे लिहून मोकळे होतात.

चित्र मोठे करा. कोरॉइड प्लेक्ससचा (व्हेंट्रिकलमधले पाणी तयार करणाऱ्या गुच्छाचा) जाड भाग जिथे आहे, त्या एट्रियमपाशी, म्हणजे व्हेंट्रिकलच्या मागच्या रुंद भागापाशी मोजायचे. कॅलिपर दोन्ही भिंतींच्या आतल्या कडांवर, रेघ व्हेंट्रिकलच्या लांबीला काटकोनात. मिडलाइनला काटकोन धरू नका. तिरकी रेघ किंवा बाहेरची कड, दोन्हींनी माप फुगते. छेद मोडून पुन्हा घ्या. दोन-तीन मापे जुळली पाहिजेत.

प्रोबजवळचा अर्धा मेंदू कवटीच्या प्रतिध्वनीमुळे धूसर दिसतो. 'पलीकडचा ठीक, म्हणजे अलीकडचाही ठीक' असे गृहीत धरू नका. आईला कुशीवर वळवा, थोडे चालायला सांगा. बाळाचे डोके खाली असेल तर योनिमार्गे केलेली सोनोग्राफी फार स्वच्छ दाखवते.

माप वाढलेलेच निघाले तर कारण शोधा. व्हेंट्रिकल अश्रूच्या थेंबासारखा, मागे फुगीर आणि पुढे निमुळता असेल आणि कॅव्हम दिसत नसेल, तर कॉर्पस कॅलोसमसाठी (मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या पट्ट्यासाठी) उभा छेद घ्या. सेरेबेलम (लहान मेंदू) केळ्यासारखा वाकलेला आणि सिस्टर्ना मॅग्ना (त्याच्या मागची पाण्याची जागा) बुजलेला असेल तर पाठीचा कणा पुन्हा बारकाईने पाहा. उलट, सिस्टर्ना १० मिमीहून मोठा वाटला तर आधी प्रोबचा कल तपासा. छेद जास्त तिरका गेला की तो खोटाच मोठा दिसतो.

१५ मिमीच्या वरचे माप गंभीर. १० ते १२ आणि सोबत दुसरे काही नाही, अशी बहुतेक बाळे पुढे नॉर्मल वाढतात. हे पालकांना त्याच बैठकीत सांगा. तरी सीएमव्ही व टॉक्सोप्लाझ्मा या संसर्गांची तपासणी, गर्भजल काढून मायक्रोअ‍ॅरेचा (गुणसूत्रांच्या बारीक तपासणीचा) सल्ला आणि काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन हवाच.

पुढे गर्भाचा एमआरआय करायचा झाला तर त्याला गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचे कॉन्ट्रास्ट औषध) द्यायचे नाही. २० आठवड्यांना मेंदूचा पृष्ठभाग बहुतांशी गुळगुळीतच असतो, त्यामुळे मेंदूच्या वळ्यांचे दोष तेव्हा कळत नाहीत. २६ ते ३२ आठवड्यांत चित्र जास्त बोलते. अडचण अशी की २०२१च्या सुधारित गर्भपात कायद्यानुसार २४ आठवड्यांनंतर गर्भपाताचा प्रश्न वैद्यकीय मंडळाकडे जातो. म्हणून संशय आला त्याच दिवशी फीटल मेडिसिनच्या (गर्भाच्या आजारांच्या) डॉक्टरांकडे चिठ्ठी द्या.