८०-जीची पावती हातात आहे. कर खरंच वाचेल का?

८०-जी म्हणजे देणगीवर प्राप्तिकरात वजावट देणारं कलम. पण देणगीच्या पावतीवर '८०-जी' छापलंय म्हणजे कर वाचलाच, असं धरून चालू नका. आधी आपण कोणत्या कररचनेत आहोत ते पाहा. ही वजावट फक्त जुन्या रचनेत मिळते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवीन रचना आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर नोकरदारांनी मुदतीच्या आत रिटर्न भरतानाच ती निवडायची. धंद्याचं उत्पन्न असेल तर १०-आयईए हा फॉर्म वेगळा भरावा लागतो.

मग जुनी निवडायची का? कागद-पेन घेऊनच बसा. समजा, सुदामानगरच्या एका नोकरदाराचा २०२५-२६ चा पगार १० लाख. जुन्या रचनेत ५० हजारांची प्रमाणित वजावट आणि ८०-सीचे (पीएफ, विमा अशा बचतीचे) दीड लाख गेले, उरले ८ लाख. त्यावर उपकरासह कर ७५,४०० रुपये. त्यांनी एका न्यासाला २० हजार दिले, वजावट निम्म्याची, म्हणजे १० हजारांची. कर झाला ७३,३२०. वाचले २,०८०! आता हाच पगार नवीन रचनेत टाका: ७५ हजारांची वजावट जाऊन ९.२५ लाख, आणि १२ लाखांपर्यंत कर शून्य. निव्वळ पावतीपायी जुनी रचना धरून बसणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. देणगी जरूर द्या, पण कर वाचेल म्हणून नको.

घरकर्जाचं व्याज, घरभाडे भत्ता, पीएफ, आरोग्यविमा असं सगळं मिळून ज्यांना जुनीच रचना परवडते, त्यांनी पुढचं बघावं.

पैसे देण्याआधी संस्थेचा ८०-जी नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर तपासा. ही नोंदणी ठरावीक मुदतीची असते, तेव्हा देणगीच्या तारखेला ती चालू होती का, हे महत्त्वाचं. गल्लीतल्या गणेशोत्सवाची वर्गणी किंवा देवळाच्या दानपेटीत टाकलेली नोट यात सहसा धरता येत नाही. भंडाऱ्यासाठी सियागंज बाजारातून तूप-साखरेची पोती भरून दिलीत, तर पुण्य पदरात पडेल, वजावट नाही. वस्तूरूपाने दिलेलं दान ८०-जीत बसत नाही.

रोख २ हजारांपेक्षा जास्त देऊ नका. त्याहून जास्त रोख दिलीत, तर ती सगळीच रक्कम हिशेबात घेतली जात नाही. चेक किंवा यूपीआय उत्तम, मात्र पैसे न्यासाच्या खात्यात जायला हवेत, कार्यकर्त्याच्या मोबाइल नंबरावर नव्हे.

आपल्याकडे घोळ होतो तो पावतीवरच्या नावात. 'कै. ती. आईंच्या स्मरणार्थ' अशी पावती घेण्याची आपली रीत आहे. स्मरणार्थ जरूर लिहून घ्या, पण देणगीदार म्हणून नाव आणि पॅन तुमचंच हवं, आणि पैसे तुमच्याच खात्यातून गेलेले हवेत. पॅन दिलाच नाही, तर संस्था खात्याकडे तुमची देणगी कळवणार कशी?

कारण आता नुसती पावती पुरत नाही. संस्था वर्षभराच्या देणग्यांचं विवरण १०-बीडी या फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत भरते आणि तुम्हाला १०-बीई प्रमाणपत्र देते. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते आलं नाही, तर संस्थेच्या खजिनदाराला फोन करा. लाजू नका, ते देणं त्यांचं कामच आहे.

रिटर्नमध्ये ८०-जीच्या तक्त्यात चार भाग दिसतील. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी किंवा मुख्यमंत्री मदत निधीला दिलेली रक्कम शंभर टक्के वजा होते, तिला मर्यादा नाही. बहुतेक खासगी न्यास मात्र शेवटच्या भागात येतात: निम्मी वजावट, तीही मर्यादेत. मर्यादा ढोबळमानाने अशी, की इतर वजावटी काढून उरलेल्या उत्पन्नाच्या १० टक्के. ८ लाख उरत असतील तर ८० हजार; लाखभर दिलेत तरी हिशेबात ८० हजारच, आणि वजावट ४० हजारांची. संस्थेचं नाव, पत्ता, पॅन आणि १०-बीईवरचा संदर्भ क्रमांक तिथे जसाच्या तसा भरा.

आणि "पावती देतो, थोडं कमिशन कापून पैसे परत" म्हणणारा कोणी भेटला तर चार हात दूर राहा. असा खोटा दावा पकडला गेला तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड लागू शकतो, आणि तो भरायचा तुम्ही, त्या मध्यस्थाने नाही.