दुसऱ्याचं विमान, आपली सही

मी एका विमान कंपनीत विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचं काम करतो. गणपतीला गावी आलो की दोन-तीन जण तरी पोराला घेऊन घरी येतात. गाव आमचं वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. प्रश्न ठरलेला असतो: "पोरगं विमानाचं शिकायचं म्हणतंय, घालू का?" यंदा एका मामांनी जरा वेगळं विचारलं. "तुमच्या कंपनीची विमानं किती हायत?" मी म्हटलं, "बरीच आहेत, पण माझं काम असतं ते निम्म्याहून जास्त दुसऱ्यांच्या विमानांवर." मामा हसले. "म्हंजे जेच्याशी स्पर्धा, त्येचीच गाडी तुम्ही दुरुस्त करून देताय?"

हो, तसंच. आणि हे मामांना समजायला अवघड जायला नको, कारण त्यांच्याच भावकीत एकाने तेच केलंय. त्याचे आठ ट्रक. बाहेरचे मेस्त्री वेळ पाळेनात म्हणून त्याने स्वतःचं गॅरेज काढलं, पुलर घेतला, गिअरबॉक्स उतरवायला चेनपुली टांगली, दोन मिस्त्री महिन्याच्या पगारावर ठेवले. मग लक्षात आलं की आठ ट्रकांचं काम वर्षभर पुरत नाही, पण पगार मात्र बाराही महिने जातो. आता गावातले निम्मे ट्रक त्याच्या दारात असतात.

विमान कंपनीचं गणित हेच, फक्त शून्यं जास्त. हँगर म्हणजे विमान आत घ्यायची मोठी शेड, विमानाभोवती उभी करायची डॉकिंग म्हणजे मचाणं, जॅक, इंजिन उतरवायची साधनं आणि सगळ्यात महाग म्हणजे लायसन्सवाली माणसं. विमान आत असो वा नसो, हा खर्च थांबत नाही. म्हणून लुफ्तान्सा, डेल्टा, टर्किश, सिंगापूर एअरलाइन्स अशा कंपन्यांच्या देखभाल शाखा कित्येक वर्षं इतरांची विमानं घेतात. आपल्याकडे एअर इंडियाची इंजिनिअरिंग शाखा वेगळी कंपनी झाली. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा ती सरकारकडेच राहिली. नागपूरला मिहानमध्ये बोइंगने बांधून दिलेलं मोठं केंद्र तिच्याकडे आहे. पूर्वी आपली बरीच विमानं मोठ्या चेकसाठी, म्हणजे विमान उघडून करायच्या ठरावीक मुदतीच्या तपासणीसाठी, परदेशात जायची. या कामावरचा जीएसटी एप्रिल २०२० पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि इथल्या हँगरांना जरा श्वास घेता आला.

माझे वडील, आण्णा, साखर कारखान्यात फिटर होते. गळीत हंगाम संपला की मिल उघडायची, टर्बाइन उघडायचं, रोलर काढायचे, आणि पुढच्या मोळीपूजनाआधी सगळं जागच्या जागी. विमानांचाही ऑफ सीझन असतो. आपल्याकडे पावसाळ्यात प्रवासी कमी, म्हणून कंपन्या तेव्हा विमानं चेकला काढतात. युरोपवाले उन्हाळ्यात जोरात उडतात आणि हिवाळ्यात विमानं हँगरला लावतात. दोन्हीकडची गिऱ्हाइकं असली की हँगर वर्षभर भरलेला राहतो. तुम्ही नवीन असाल तर हा मुद्दा तुमच्या कामाचा आहे: भरलेल्या हँगरात हात रोज चालतो. रिकाम्या हँगरात झाडू चालतो.

आता वाट कुठली ते. बारावीला भौतिक, रसायन, गणित हवं. मग डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, सीएआर १४७ या नियमाखाली मान्यता असलेल्या संस्थेत कोर्स, आणि लायसन्ससाठी सीएआर ६६ या नियमाच्या मॉड्यूल म्हणजे विषयवार परीक्षा. पास व्हायला ७५ टक्के लागतात, ३५ वर निघायची सवय असेल तर ती घरीच सोडून या. लायसन्सच्या कॅटेगरी असतात. बी १ म्हणजे विमानाचा सांगाडा, इंजिन, यांत्रिक बाजू. बी २ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातलं इलेक्ट्रॉनिक्स. मोठ्या चेकनंतर अख्खं विमान उड्डाणाला मोकळं करण्याची सही सी लायसन्सवाल्याची. परीक्षा सुटल्या तरी चालू विमानांवरचा अनुभव दाखवल्याशिवाय लायसन्स मिळत नाही, आणि लायसन्स मिळालं तरी त्या-त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या बनावटीवर सही करायची परवानगी, वेगळं.

इथेच आपल्याकडची पोरं फसतात. संस्थेचं प्रमाणपत्र म्हणजे लायसन्स नव्हे. फी लाखांत असते, कुणी शेत गहाण ठेवतं. त्यामुळे आधी डीजीसीएच्या यादीत संस्थेचं नाव आहे का, कुठल्या कॅटेगरीसाठी आहे, मान्यता चालू आहे का, आणि विमानावरचं प्रॅक्टिकल नेमकं कुठल्या हँगरात करून घेतात, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला "ते आम्ही बघतो" असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या. आणि आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्यांनी हिरमुसू नये. टेक्निशियन म्हणून हँगरात शिरता येतं, शीटमेटलचा हात चांगला असलेल्याला तर मागणी असते. मिरज, माधवनगरच्या वर्कशॉपमध्ये खरवडलेला हात इथे वाया जात नाही.

पण एक सवय मात्र मोडावी लागते. अंदाजाची.

आण्णा नट हातात घेऊन माप सांगायचे. बोटांनी. मलाही ती ऐट होती. पहिल्याच महिन्यात मला सेफ्टी वायर मारायला दिली. बोल्ट सैल होऊ नये म्हणून दोन बोल्ट तारेने एकमेकांना असे बांधायचे, की एक सुटू लागला तर दुसरा आवळला जावा. तारेला पीळ किती? आमच्या नेहमीच्या ०.०३२ इंची तारेला इंचाला ६ ते ८. मी मारली, मला देखणी वाटली. सीनिअरने मोजलं, पाच. कटर माझ्या हातात दिला आणि गेला. त्या दिवशी एकाच जोडीवर चार तारा कापल्या. पुढे घरी आलो तेव्हा आण्णांना तार दिली. त्यांनी साध्या पकडीने पीळ मारले आणि मी पट्टी लावल्यावर म्हणाले, "पाच असलं म्हणून काय विमान पडतंय?"

मग मी त्यांना १९९० ची गोष्ट सांगितली. १० जूनला ब्रिटिश एअरवेजचं विमान बर्मिंगहॅमहून मलागाला निघालं आणि कॉकपिटची काच हवेत निखळली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला; केबिनमधल्या सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउथहॅम्प्टनला विमान उतरवलं, कॅप्टन वाचला. काच उड्डाणाच्या साधारण २७ तास आधीच बदललेली. ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट किंचित बारीक होते, फरक ०.०२६ इंचाचा. ज्याने बसवले तो अनुभवी माणूस होता. जुना बोल्ट शेजारी धरून, नजरेने जुळवून त्याने नवे घेतले होते. आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःची तार कापली आणि परत मारली.

दुसऱ्याच्या विमानावर हा अंदाज दुप्पट महाग पडतो. एकाच बनावटीची दोन विमानं शेजारी उभी असली तरी ती सारखी नसतात. प्रत्येक कंपनीचा देखभाल कार्यक्रम वेगळा, टास्क कार्ड म्हणजे प्रत्येक कामाचा सूचनांचा कागद वेगळा, आणि मॅन्युअलचं पान कुठल्या क्रमांकाच्या विमानाला लागू आहे ते त्या पानावरच लिहिलेलं असतं. कालच्या विमानाला जो टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळायचा ठरलेला जोर, होता तो आजच्याला असेलच असं नाही. पान आजच काढायचं, याच विमानाचं काढायचं. विमान परदेशी नोंदणीचं असेल तर हँगरला त्या देशाची मान्यता लागते आणि कागदांचा नमुनाही बदलतो.

माझी चूक सांगतो. दुसरं वर्ष, रात्रपाळी. दोन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांची विमानं शेजारी-शेजारी. मला एक फिल्टर बसवायचा होता. स्टोअरमध्ये गेलो, पार्ट नंबर जुळवला, सोबतचा फॉर्म पाहिला, सगळं बरोबर. बसवला. फक्त तो ज्या रॅकवरून घेतला ते रॅक शेजारच्या गिऱ्हाइकाचं होतं. त्यांनी स्वतः विकत घेऊन पाठवलेला माल! फिल्टर तोच, कागदही खरे, तरीही ती चोरीच की. सकाळी गिऱ्हाइकाच्या प्रतिनिधीने सामान मोजलं. हा माणूस चेक चालू असेपर्यंत हँगरातच टेबल टाकून बसतो, नवख्यांना वाटतं की हा नुसता कॉफी पितो. फिल्टर काढा, परत करा, दोन्ही विमानांचे कागद बदला, झालेला उशीर लिहा. सुपरवायझरने मला शिवी दिली नाही, नुसतं सगळ्यांसमोर कागद पुन्हा लिहायला बसवलं. ते जास्त लागलं.

दुसरी गोष्ट फाइंडिंगची, म्हणजे चेकमध्ये सापडलेल्या दोषाची. विमान आत आलं की सीटा, गॅली म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर, टॉयलेट उचकटतात. बाहेरून विमान किती चकचकीत दिसतं हे विसरून जा. गॅलीखालचं फळकूट काढलं की वर्षानुवर्षं सांडलेली कॉफी, ज्यूस, बर्फाचं पाणी, आणि त्याखाली पांढरट भुकटी धरलेलं अॅल्युमिनियम. तो गंज. वास घरच्या गोठ्याला लाजवेल असा. आपलं विमान असतं तर साहेब म्हणाले असते, घासा आणि पुढे चला. दुसऱ्याच्या विमानात तसं नाही. नवीन कार्ड उघडायचं, फोटो, लांबी-रुंदी-खोली मोजायची, किती तास लागतील ते लिहायचं आणि गिऱ्हाइकाच्या होकाराची वाट बघायची. होकार आल्याशिवाय सँडपेपर लावायचा नाही, कारण त्या तासांचं बिल त्यांच्या नावावर फाटतं. नवख्याला ही वाट बघणं म्हणजे आळस वाटतो. मला या वाट बघण्याच्या वेळातच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं: दुरुस्तीचं मॅन्युअल घेऊन बसा, किती खोल गंज चालतो आणि कुठून पुढे तुकडाच बदलायचा ते स्वतः काढा, मग इंजिनिअरचा निर्णय काय येतो ते ताडून बघा.

गिऱ्हाइकाच्या माणसाशी बोलायला इंग्रजी लागतं. फाडफाड नको, पण "कुठे, किती, काय झालं" हे तीन वाक्यांत लिहिता आलं पाहिजे. मराठी माध्यमातून आलो म्हणून मी पहिले सहा महिने तोंड उघडलं नाही. ते माझ्या मूर्खपणाचे सहा महिने होते.

पाळ्या बारा तासांच्या असू शकतात. सुरुवातीचा पगार ऐकून भावकी हसेल, "एवढ्यात तर इथं ट्रॅक्टर चालवतंय पोरगं" असं म्हणेल. लायसन्स आणि टाइप रेटिंग लागेपर्यंत ते ऐकून घ्यावं लागतं. पहिली तीन-चार वर्षं बाहेरची विमानं घेणाऱ्या हँगरातच काढा, असं मी पोरांना सांगतो. विमानतळावरच्या लाइनला, म्हणजे दोन उड्डाणांच्या मधल्या देखभालीला, कपडे स्वच्छ राहतात, पण तिथे विमान उघडं पडलेलं दिसत नाही.

आणि लॉगबुक. केलेलं प्रत्येक काम, विमानाचा क्रमांक, कार्ड नंबर, तारीख, त्याच आठवड्यात लिहा आणि ज्याच्या हाताखाली केलं त्याची सही घ्या. मी दोन महिन्यांची कामं "एकदम घेऊ सही" म्हणून साठवली होती. तेवढ्यात आमचा इंजिनिअर नोकरी बदलून आखातात गेला. ती पानं अजून माझ्याकडे आहेत, सहीची जागा कोरी. लायसन्सच्या अर्जात ती धरली नाहीत.