बेळगाव परिसरात घरापुढची हिरवळ कशी राखावी

खानापूर तालुक्यात जूनच्या मध्यापासून हिरवळीवर पाणी तुंबू नये म्हणून धडपड करावी लागते, तर त्याच जिल्ह्यातल्या अथणीत त्याच दिवसांत पावसाची वाट पाहत पाइप हातात धरावा लागतो. कणकुंबी-जांबोटीच्या घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे जाता जाता झपाट्याने ओसरतो आणि त्याबरोबर मातीही बदलते. पश्चिमेला तांबडी, जांभ्या दगडाची माती आहे, तर चिकोडी, गोकाक, अथणीकडे काळी कसदार जमीन आहे. त्यामुळे पुण्याच्या माळ्याचे किंवा शेजारच्या तालुक्यातल्या पाहुण्यांचे वेळापत्रक आपल्या अंगणात जसेच्या तसे चालत नाही. बहुतेक हिरवळी खत कमी पडल्यामुळे नव्हे, तर माती न ओळखता पाणी आणि खत दिल्यामुळे बिघडतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

माती आधी पाहावी

पाऊस संपून जमिनीत जेमतेम ओल असताना फावड्याने हिरवळीचा एक हातभर लांब आणि दहा सेंटिमीटर खोल काप अलगद उचलून पाहावा. निरोगी हिरवळीची मुळे पांढरी आणि चिवट असतात, ती खोलवर गेलेली दिसतात आणि मातीला पहिल्या पावसासारखा वास येतो. मुळे वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच गुंतलेली असतील, तर माती घट्ट झाली आहे किंवा रोज थोडे थोडे पाणी देण्याची सवय लागली आहे असे समजावे. माती करडी होऊन तिला कुबट वास येत असेल, तर तेथे पाणी साचून राहते. हिरवी पाने आणि माती यांच्यामध्ये वाळलेल्या खोडांचा आणि मुळांचा तपकिरी थर असतो. तो सव्वा सेंटिमीटरपेक्षा जाड झाला असल्यास पाणी आणि खत मुळांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून दातेरी पंजाने तो ओढून काढावा लागतो. हे काम गवत जोमाने वाढत असतानाच करावे, म्हणजे पडलेली छिद्रे लवकर भरून येतात.

तांबड्या मातीतून पाण्याचा निचरा चांगला होतो, पण जोराच्या पावसात त्याबरोबर अन्नद्रव्येही वाहून जातात आणि माती आम्लधर्मी होत जाते. काळी माती अन्न धरून ठेवते, मात्र पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा हा तिचा स्वभाव आहे. शिवाय तिच्यात चुना अधिक असल्याने गवताला लोह मिळत नाही. काळ्या जमिनीवर बांधलेल्या घरापुढे आपल्याकडे तांबड्या मातीचा थर टाकून हिरवळ लावण्याची पद्धत आहे आणि ती योग्यही आहे. तरीही खालची काळी माती आधी कुदळीने उकरून त्या दोन्हींचा सांधा एकजीव करावा, नाहीतर पाणी वरच्या थरातच अडकून राहते. काळ्या मातीत थोडीशी वाळू मिसळून ती भुसभुशीत होईल ही समजूत मात्र सोडून द्यावी, कारण थोड्या वाळूने अशी माती उलट आणखी घट्ट बसते. तिला सुधारण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे दरवर्षी चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट देणे हाच आहे.

माती परीक्षणाची सोय होबळीच्या, म्हणजे तालुक्यातल्या महसुली मंडळाच्या, रयत संपर्क केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी केल्यास कळते. अहवाल बहुधा कन्नडमध्ये असतो, पण आपल्याला त्यातले सामू (आम्लता दाखवणारा पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब हे तीनच आकडे समजून घ्यायचे असतात. सामू ६ ते ७ च्या दरम्यान असल्यास काळजीचे कारण नाही. तो ५.५ च्या खाली असल्यास चुना आणि ८ च्या वर असल्यास सेंद्रिय खत व लोहाची फवारणी हा उपाय आहे. क्षारता वाढलेली असल्यास बोअरवेलचे पाणी तपासून घ्यावे, कारण पूर्व भागातल्या मचूळ पाण्याने हिरवळीची टोके करपतात आणि तो रोग समजून लोक विनाकारण औषधे फवारत बसतात.

गवत कोणते

येथे चांगली टिकणारी गवते मोजकीच आहेत. हरळीच्या जातीची गवते, ज्यांत रोपवाटिकांमधून मिळणारे सिलेक्शन वनही येते, ऊन आणि पायदळी सोसतात, पण त्यांना दिवसातून किमान सहा तास थेट ऊन लागते. मेक्सिकन ग्रास दाट आणि मऊ असते, सावकाश वाढते आणि थोडी सावली सहन करते, परंतु एकदा उखडले की भरून यायला फार वेळ घेते. आंब्या-फणसाच्या दाट सावलीत कोणतेही गवत धड राहत नाही. तेथे दरवर्षी नवे गवत लावण्यात पैसे घालवण्यापेक्षा सावलीतली रोपे किंवा फरशी घालावी.

पाणी

एप्रिल-मे महिन्यांत आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे एका चौरस मीटरला २५ लिटर आणि एका गुंठ्याला जवळजवळ अडीच हजार लिटर. हा आकडा लक्षात ठेवूनच हिरवळ किती मोठी करायची ते ठरवावे. बेळगाव शहराची तहान राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांवर भागते आणि उन्हाळ्यात दोन्हींची पातळी उतरते. अशा वेळी पिण्याचे पाणी हिरवळीवर ओतणे मला पटत नाही. कपडे विसळलेले किंवा भाज्या धुतलेले पाणी चालते, मात्र त्यात साबणाचा वा ब्लीचिंग पावडरीचा अंश जास्त नसावा. पाणी मिळतच नसेल, तर हरळी पिवळी पडू द्यावी. ती मेलेली नसते, जमिनीखालच्या खोडांत जीव धरून असते आणि वळवाच्या दोन चांगल्या सरी पडताच पुन्हा फुटते. अशा काळात दर पंधरा दिवसांनी एकदा हलके पाणी दिले तरी तिचे निभावते. तिच्यावर चालणे, खुर्च्या मांडणे मात्र बंद करावे.

पाणी देता येत असेल, तर ते पहाटे द्यावे आणि आठवड्यातून दोनदा भरपूर द्यावे, म्हणजे ओल दहा-पंधरा सेंटिमीटरपर्यंत उतरेल आणि मुळे तिच्यामागोमाग खाली जातील. तुषार सिंचनाखाली दोन-तीन पसरट डबे ठेवून किती वेळात किती मिलिमीटर पाणी साठते ते एकदा मोजून घेतले की पुढे अंदाज घ्यावा लागत नाही. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते, म्हणून तेथे अर्धे पाणी देऊन तासाभराने उरलेले द्यावे. पाण्याची गरज ओळखण्याची खूण सोपी आहे. हिरवळीवरून चालून मागे वळून पाहावे, पावलांचे ठसे तसेच राहिले आणि पानांचा रंग निळसर-राखाडी दिसला, तर त्याच दिवशी पाणी द्यावे. पाते ताठ उभे राहिले, तर आणखी दोन दिवस थांबण्यास हरकत नाही. संध्याकाळी उशिरा पाणी देणे टाळावे, कारण रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर बुरशी लवकर धरते.

कापणी

एका वेळी पानाच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, हा नियम जगभर पाळला जातो आणि आपल्याकडे पावसाळ्यात तोच सर्वांत जास्त मोडला जातो. आठ-दहा दिवस झड लागते, गवत गुडघ्याकडे झेपावते आणि उघडीप मिळताच घरमालक एकाच दिवसात ते जमिनीलगत कापून टाकतो. खाली उरते ते पिवळे बोडके खोड, आणि त्यावर ऊन पडले की हिरवळ भाजल्यासारखी दिसते. असे वाढलेले गवत तीन-चार दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने खाली आणावे. हरळी आणि मेक्सिकन ग्रास अडीच ते चार सेंटिमीटर उंच ठेवावे. उन्हाळ्यात आणि अर्ध्या सावलीत चार सेंटिमीटरच बरे, कारण उंच पान मातीवर सावली धरते आणि ओल टिकते. पावसाळ्यात दर सहा-सात दिवसांनी, तर डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा येथली रात्रीची थंडी गवताची वाढ मंदावते, दोन-तीन आठवड्यांनी कापणी पुरते.

यंत्राचे पाते धारदार आहे की नाही ते कापल्यानंतर दुसऱ्या दिवशी कळते. एक पान तोडून हातात घ्यावे. टोक सरळ आणि हिरवे असेल तर धार चांगली आहे, ते चिंधीसारखे फाटून पांढुरके झाले असेल तर पाते लोहाराकडे द्यावे. प्रत्येक कापणीला यंत्र फिरवण्याची दिशा बदलावी. नियमाने कापलेल्या गवताचा चुरा तेथेच पडू द्यावा, तो कुजून नत्र परत देतो. गवत लांब वाढून कापले असेल किंवा त्यावर रोग असेल तेव्हाच तो उचलावा.

खत

युरिया हा हिरवळीला मारणारा सर्वांत स्वस्त पदार्थ आहे, कारण ऊसपट्ट्यात तो प्रत्येक घरी असतो आणि मूठ मोकळी सुटते. एका गुंठ्याला एका वेळी अर्धा किलो युरिया पुरेसा असतो. तो कोरड्या वाळूत किंवा चाळलेल्या मातीत मिसळून, पान कोरडे असताना सारखा फेकावा आणि लगेच भरपूर पाणी द्यावे. पहिला हप्ता मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर, दुसरा सप्टेंबरअखेर पाऊस ओसरल्यावर आणि तिसरा फेब्रुवारीअखेर द्यावा. खानापूर-बेळगावकडे जुलै-ऑगस्टच्या मुसळधार पावसात खत टाकूच नये, ते गटारात जाते. पावसाळ्यापूर्वी गुंठ्याला पाच-सहा किलो निंबोळी पेंड आणि अर्धा ते एक सेंटिमीटर जाडीचा चाळलेल्या कंपोस्टचा थर दिल्यास वर्षभर हिरवळ सुधारते. साखर कारखान्याची मळी (रस गाळून उरणारा गाळ, प्रेसमड) स्वस्त मिळते, परंतु ती ताजी असताना गरम असते. काही महिने पूर्ण कुजल्याशिवाय ती हिरवळीवर टाकू नये. ताज्या शेणाचेही तसेच आहे, त्यातून तणाचे बी आणि मुळे खाणाऱ्या हुमणी किडीची अंडी-अळ्या घरात येतात.

काळ्या जमिनीत नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्यास युरिया वाढवून उपयोग नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी फवारावे. ते फरशीवर पडल्यास तांबूस डाग राहतात, म्हणून कडेची फरशी आधी ओली करून ठेवावी आणि नंतर धुऊन टाकावी.

तण आणि हुमणी

गाजर गवत, एकदांडी, दुधी ही तणे फुलण्याआधी मुळासकट उपटली की संपतात. गाजर गवत उपटताना हातमोजे घालावेत, त्याने अंगाला खाज सुटते. खरा त्रास लव्हाळ्याचा असतो. त्याचे पान ओढले की पान हातात येते आणि गाठी खाली राहतात, त्यांतून आठवड्यात दुप्पट कोंब निघतात. पावसाने माती मऊ झाल्यावर लांब खुरपे वीतभर खोल घालून गाठींची साखळीच काढावी आणि ती कंपोस्टमध्ये न टाकता उन्हात वाळवावी. लव्हाळा फार पसरला असेल, तर ऊसवाल्यांच्या ओळखीचे हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे तणनाशक लेबलवरील प्रमाणात वापरता येते. ग्लायफोसेट मात्र हिरवळीसकट सर्व जाळते. टू-फोर-डी या रुंद पानांच्या तणांवरील तणनाशकाचे तुषार वाऱ्याने शेजारच्या द्राक्षबागेवर किंवा टोमॅटोवर गेले तर त्या पिकाची पाने वाकडी होतात, म्हणून अथणी भागात ते घरी वापरूच नये.

ऊसपट्ट्यात हुमणीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. वळवाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर तिन्हीसांजेला तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात. त्या वेळी फांद्या हलवून ते गोळा करणे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकणे हा सर्वांत प्रभावी उपाय आहे, आणि तो गल्लीने मिळून केला तरच उपयोगी पडतो. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भर पावसात हिरवळीवर पिवळे पट्टे दिसले आणि ओढल्यावर गवत चटईसारखे उचलून आले, तर खाली इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या, तपकिरी डोक्याच्या पांढऱ्या अळ्या सापडतात. एका चौरस फुटात चार-पाचपेक्षा अधिक असल्यास मेटारायझियम ही परोपजीवी बुरशी ओलसर कंपोस्टमध्ये मिसळून संध्याकाळी टाकावी. जमिनीत ओल नसेल तर तिचा उपयोग होत नाही. त्याच दिवसांत बुरशीनाशक वापरू नये.

पावसानंतर

ऑक्टोबरमध्ये माती वाळू लागली की काटेरी फावड्याने आठ-दहा सेंटिमीटर खोल छिद्रे वीतभर अंतरावर पाडावीत आणि त्यांवर चाळलेले कंपोस्ट झाडूने लोटावे. शेवाळ धरलेल्या जागी निचरा नसतो. तेथे शेवाळ खरवडून उपयोग नाही, घरापासून बाहेरच्या दिशेला शंभर सेंटिमीटरला एक-दोन सेंटिमीटर असा उतार करून घ्यावा. उखडलेल्या जागा भरायलाही हाच काळ योग्य असतो. माती बोटभर उकरावी, कडेच्या निरोगी भागातून काढलेली गाठीदार खोडे आठ-दहा सेंटिमीटरवर खोचावीत, पायाने दाबून घ्यावीत आणि पहिले दोन आठवडे वरची माती कोरडी पडू देऊ नये. नवे गवत ओढून पाहिल्यावर ते हाताला चिकाटी देत असेल तेव्हाच त्यावर यंत्र फिरवावे.