४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झच्या रेडिओ बँडवर) मोर्स पाठवणारा छोटा ट्रान्समीटर घरी कसा बनवायचा

आधी लायसन्स, मग सोल्डरिंग. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स हातात आलं, व्हीयू३ किंवा व्हीयू२ ने सुरू होणारी कॉलसाइन (रेडिओवरचं तुमचं ओळखनाव) मिळाली की हे करायला घ्या, तोवर सर्किट डमी लोडवरच (अँटेनाऐवजी लावायचे रेझिस्टर) चालवा, अँटेना जोडू नका.

सर्किट पिक्सी नावाच्या जुन्या डिझाइनच्या धर्तीवर आहे, दोनच ट्रान्झिस्टर. पहिला २एन३९०४, त्याच्या बेसपासून ग्राउंडला ७.०२३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (फ्रिक्वेन्सी तोच ठरवतो), बेस ते एमिटर १०० पीएफ (पीएफ, एनएफ लिहिलंय ते कपॅसिटर), एमिटर ते ग्राउंड १०० पीएफ आणि १ के (के म्हणजे किलोओहमचा रेझिस्टर), बेसला प्लसवरून ४७ के, कलेक्टर सरळ प्लसला. एवढ्यावर ऑसिलेटर, म्हणजे सिग्नल तयार करणारा भाग, सुरू होतो. त्याच्या एमिटरवरून १०० पीएफने सिग्नल दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसला द्यायचा, तो धातूच्या टोपीचा २एन२२२२ए घ्या. त्याच्या बेसला प्लसवरून ३३ के, कलेक्टरला २२ मायक्रोहेन्रीचा चोक (तयार कॉइल), आणि एमिटर कीमधून (मोर्स पाठवायला दाबायचं बटण) ग्राउंडला. सप्लाय ९ व्होल्ट, म्हणजे सहा पेन्सिल सेल, आणि सप्लायवर १०० एनएफ लावायला विसरू नका. की नसेल तर हॅकसॉ ब्लेडचा तुकडा लाकडी पट्टीवर स्क्रूने बसवा, मस्त चालतं.

आता फिल्टर, आणि इथे मात्र घाई करू नका. फिल्टर नसेल तर १४ आणि २१ मेगाहर्ट्झवरही तुमचा सिग्नल जातो आणि दुसऱ्याच्या बँडमध्ये घाण होते, म्हणून माझ्या मते फिल्टर नसलेला ट्रान्समीटर अर्धवटच. कलेक्टरवरून १० एनएफ, मग तीन कॉइल एकामागे एक, पिवळ्या टी३७-६ टोरॉइडवर (कॉइल गुंडाळायची गोल कडी) २१, २४ आणि २१ वेढे. दोन्ही टोकांना ग्राउंडला २७० पीएफ, मधल्या दोन जोडांवर ६८० पीएफ. तार भोकातून एकदा गेली की एक वेढा, बाहेरून मोजलंत तर हमखास चुकतं. आणि टोकांवरचं इनॅमल ब्लेडने नीट खरवडून तांबं लालसर चमकेपर्यंत घासा. माझा पहिला सेट दोन संध्याकाळी मुका होता, मी ट्रान्झिस्टर बदलत बसलो, शेवटी मल्टिमीटर लावला तर कॉइलच्या टोकावर सोल्डर गोळ्यासारखं बसलेलं, खाली इनॅमल तसंच, कॉन्टॅक्टच नाही.

सगळं कॉपर क्लॅड बोर्डावर करा, त्याचेच छोटे तुकडे कापून फेव्हिक्विकने चिकटवायचे आणि त्यांच्यावर पार्ट्स सोल्डर करायचे, पीसीबी छापायची गरज नाही. लीड्स छोट्या ठेवा.

टेस्टिंगसाठी डमी लोड म्हणून १०० ओहमचे १ वॉटचे दोन कार्बन रेझिस्टर समांतर लावा, वायरवाउंड नकोत. त्यावर १एन४१४८ डायोड आणि १० एनएफ जोडून डीसी व्होल्ट मोजा. मीटरवर ६ आले तर डायोडचे ०.६ मिळवायचे, ६.६ चा वर्ग भागिले १००, म्हणजे साधारण ४३५ मिलिवॉट. एवढे मिळाले तर भरपूर, याच्या निम्मे आले तरी नाराज होऊ नका. ट्रान्झिस्टर बोटाला कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर की लगेच सोडा आणि जोडण्या तपासा.

एक लक्षात ठेवा, की सोडली तरी ऑसिलेटर चालूच राहतो, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकताना तो तुमच्याच रिसीव्हरमध्ये वाजत राहतो. डबल पोल स्विच लावा, एका बाजूने सप्लाय, दुसऱ्या बाजूने अँटेना.

अँटेना साधा डायपोल, दोन्ही बाजूंना १० मीटर १५ सेंटीमीटर तार, गच्चीवरून जेवढी उंच जाईल तेवढी. दिवसा काहीशे किलोमीटर, रात्री त्याहून लांब जातं. आधी थोडं ऐका, फ्रिक्वेन्सी रिकामी आहे ना बघा, मग सावकाश सीक्यू सीक्यू (कोणी आहे का?) डीई (कडून) आणि कॉलसाइन दोनदा. नंतर रिव्हर्स बीकन नेटवर्कच्या साइटवर आपली कॉलसाइन टाकून बघा, कुठल्या स्टेशनने किती डीबीने ऐकलं ते तिथे दिसतं. काही दिसलं नाही तर संध्याकाळी अंधार पडल्यावर परत लावा.