पार्किंगचा ई-मेमो आला, तर या चुका टाळा

कागदोपत्री शब्द ‘चलन’ असला, तरी बडोद्यात सगळे त्याला मेमोच म्हणतात. मांडवी, मंगळ बाजार किंवा रावपुऱ्याच्या गर्दीत गाडी भलत्या जागी उभी राहिली की मोबाइलवर ई-मेमोचा संदेश येतो, आणि तो वाचणाऱ्याच्या हातून होणारी सर्वांत महाग चूक म्हणजे आधी पैसे भरून मग भांडायला जाणे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम २०० प्रमाणे दंड भरणे ही गुन्ह्याची तडजोड असते. रक्कम जमा झाली की प्रकरण तिथेच मिटते आणि हरकत घ्यायला विषयच उरत नाही.

आमच्या घरचाच दाखला आहे. वडिलांच्या स्कूटरच्या क्रमांकावर मेमो आला, तेव्हा ‘पाचशे रुपयांसाठी कोण खेटे घालणार’ असे म्हणून त्यांनी चहा संपायच्या आत रक्कम भरून टाकली. संध्याकाळी मी मेमोतले छायाचित्र मोठे करून पाहिले, तर दुकानाच्या पायरीला लागून उभी होती ती काळी मोटरसायकल. आमची स्कूटर निळी. त्या मोटरसायकलच्या पाटीवरचा शेवटचा आकडा तीन होता आणि चिखल उडाल्यामुळे तो आठ वाटत होता. दुसऱ्या दिवशी खिडकीवर उत्तर मिळाले ते एवढेच: ‘भरी दीधो ने, तो पती गयुं’ (भरलात ना, मग मिटले). राग आला, पण कायद्याने ते उत्तर चुकीचे नव्हते. म्हणून छायाचित्रातील गाडीचा प्रकार, रंग, क्रमांक, जागा आणि वेळ या पाचही गोष्टी जुळल्याशिवाय पैसे भरण्याच्या बटणाला हात लावू नये.

दंड कोणी केला, हे न पाहता धावपळ करणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे. वाहतूक पोलिसांचा मेमो वेगळा आणि महानगरपालिकेच्या पैसे देऊन गाडी लावण्याच्या जागेवरील शुल्क वेगळे. तिथल्या ठेकेदाराचा माणूस पावती फाडू शकतो, मेमो नव्हे. गुजरातने २०१९ साली ठरवलेल्या दरांनुसार अडथळा होईल अशा पार्किंगला पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या वेळी १,००० रुपये दंड आहे. गाडी क्रेनने उचलून नेली असेल, तर उचलण्याचा खर्च त्याखेरीज असतो, तेव्हा पावतीवर दोन्ही रकमा वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात.

व्हॉट्सॲपवर ‘तुमचे चलन पाहा’ म्हणून एखादी फाइल आली, तर ती उघडू नये. ती फाइल म्हणजे एक ॲप असते आणि ते फोनमध्ये शिरले की ओटीपी आणि त्यापाठोपाठ बँकेतील पैसे जातात. खऱ्या सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असते. परिवहन खात्याच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून शोधताना चॅसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे मागतात, त्यामुळे आरसी बुक जवळ घेऊनच बसावे. फसवणूक झालीच, तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या क्रमांकावर फोन करावा.

हरकत घ्यायची ठरल्यावर लोक तावातावाने अर्ज लिहितात, पण पुरावा जोडत नाहीत. ‘तिथे पाटीच नव्हती’ या वाक्याला एकट्याने वजन नसते. गाडी उभी होती त्या जागेवरून रस्त्याच्या दोन्ही बाजू आणि ओळखीची एखादी इमारत दिसेल असे छायाचित्र शक्यतो त्याच दिवशी काढले, तर त्याला वजन येते. गाडी आपली नसेल, तर आरसी बुकाची प्रत आणि आपल्या गाडीचे क्रमांकासह छायाचित्र जोडावे. भाषा साधी ठेवावी, शासनाच्या कारभारावरील टीका त्या अर्जात नको.

मेमोवरील मुदत उलटू दिली, तर प्रकरण आभासी, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या न्यायालयात जाते. तिथेही दंड मान्य करून भरणे किंवा खटला लढवणे, असे दोनच पर्याय समोर येतात, आणि दुसरा निवडला की प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते. (आमच्याकडची वडीलधारी मंडळी अजूनही ‘न्यायमंदिरात जाऊन ये’ म्हणतात, न्यायमंदिर या जुन्या इमारतीतली न्यायालये मात्र २०१८ मध्येच दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेली आहेत.) लोकअदालतीत मेमो लवकर मिटतो, हे खरे, पण तिच्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून ज्याची चूकच नाही त्याने तडजोडीच्या त्या रांगेत उभे राहू नये, असे माझे मत आहे.

गाडी विकली आणि नाव बदलले नाही, तर नव्या मालकाचे मेमो जुन्याच्याच मोबाइलवर येत राहतात. फॉर्म २९ आणि ३० भरून नावबदल पूर्ण झाल्याची खात्री विकणाऱ्यानेच करावी, घेणाऱ्याच्या भरवशावर राहू नये.

शेवटची चूक घाईतली आहे. खात्यातून पैसे गेले, पण मेमो ‘बाकी’च दिसतो, आणि माणूस घाबरून पुन्हा भरतो. अशा वेळी संकेतस्थळावर अडकलेल्या व्यवहाराची स्थिती तपासावी, बँकेचा व्यवहार क्रमांक टिपून ठेवावा आणि एक-दोन दिवस थांबावे. मेमो ‘भरला’ असे दिसू लागले की पावती उतरवून घेऊन आरसी बुकाच्याच पाकिटात ठेवावी.